आत्म्याची जागल

जोंधळा निसवून कणसें भरूं लागलीं, म्हणजे शेतकऱ्याच्या घरांतील एक तरी माणूस रात्रीं घरीं निजत नाहीं. शेताच्या मधोमध चार मेढी रोवून त्यांवर माळा घातलेला असतो. त्यावर घोंगडी पांघरून तो बसतो, मधून मधून पत्र्याचा डबा बडवितो, आरोळी देतो, आणि अशा रीतीनें रात्रभर पिकाची राखण करतो. ह्या कामास खेड्यांतून जागल म्हणतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ती पाहिली असेल, व कित्येकांनीं वडिलांबरोबर माळ्यावर बसून ती केलीही असेल. ज्यांनीं केली असेल त्यांस एक गोष्ट सांगावयास नको. रानडुकरें राखणदाराशीं झुंज घेऊन शेतांत शिरत नाहींत. तो जागा असून आवाज करीत आहे तोंवर तीं बांधाबाहेर राहतात. त्याचा डोळा लागला, कीं तीं आंत येतात, आणि चार महिन्यांचे श्रम एका डुलकीनें मातीस मिळतात. विशेष हें, कीं कोणताही राखणदार 'आज मी झोंपणार' असा निश्चय करून झोंपत नाहीं. तो फक्त क्षणभर पाठ टेंकतो.

ख्रिस्ती मनुष्याच्या आयुष्यांत प्रार्थनेचें स्थान कोणतें, हें समजून घेण्यास ह्या जागलीहून चांगला दृष्टांत आम्हांस सुचत नाहीं. प्रार्थना म्हणजे आपणांस हवें तें देवापाशीं मागणें, एवढाच अर्थ पुष्कळ मुलें धरून बसतात. मागणें हें प्रार्थनेंत आहेच. परंतु प्रभु येशू ख्रिस्तानें आपल्या मरणाच्या आदल्या रात्रीं शिष्यांस प्रार्थना करण्यास सांगितलें, तेव्हां त्या आज्ञेस त्यानें जागें राहण्याची आज्ञा जोडून दिली. हीं दोन कामें त्यानें एकत्र कां जोडलीं, व एकावांचून दुसरें कां टिकत नाहीं, याचा ह्या लेखांत थोडासा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रभूच्या काळीं पालेस्तीन देशावर रोमी लोकांचा अंमल होता. यहूदी लोक पूर्वीं रात्रीचे तीन पहारे मानीत असत. रोमी लोक चार मानीत, व त्यांतील प्रत्येक सुमारें तीन तासांचा असे. आपल्याकडील रात्रीचे चार प्रहर तसेच असल्यामुळें मराठी वाचकास ही गणना परकी वाटणार नाहीं. फार काय, आपला 'पहारा' हा शब्दच मुळीं 'प्रहर' ह्या शब्दापासून निघाला आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत प्रभूचा एक दृष्टांत आहे. एक गृहस्थ परदेशीं जातांना आपल्या चाकरांस ज्याचें त्याचें काम नेमून देतो, व द्वारपाळास जागें राहण्याची ताकीद देतो. धनी संध्याकाळीं परत येईल, मध्यरात्रीं येईल, कोंबडा आरवतांना येईल कीं पहांटे येईल, हें कोणासच ठाऊक नाहीं. ह्या चार वेळा म्हणजेच ते रोमी चार पहारे. येथें ध्यानांत ठेवण्याजोगें हें, कीं धन्यानें चाकरांस रिकामें बसवून ठेविलें नाहीं. प्रत्येकास काम दिलें आहे. तेव्हां जागें राहणें म्हणजे कामधाम टाकून वाटेकडे पाहात बसणें नव्हे. धनी आतांच दारांत उभा राहील अशा भावनेनें आपलें नेमलेलें काम करीत असणें, हेंच खरें जागें राहणें होय.

हा उपदेश केल्यावर थोड्याच दिवसांत शिष्यांच्या कसोटीची रात्र आली. तीही ह्याच पहाऱ्यांनीं मोजतां येते. संध्याकाळीं वल्हांडणाचें भोजन झालें. नंतर प्रभु अकरा शिष्यांसह नगराबाहेर पडला, व किद्रोन ओहोळ ओलांडून जैतुनांच्या डोंगराकडील गेथशेमाने नांवाच्या जागीं गेला. गेथशेमाने ह्या नांवाचा अर्थ तेलाचा घाणा असा आहे. वल्हांडण पौर्णिमेच्या सुमारास येत असल्यामुळें ती रात्र चांदण्याची असली पाहिजे. इतर शिष्यांस एका ठिकाणीं बसवून प्रभूनें पेत्र, याकोब व योहान ह्या तिघांस पुढें नेलें. आपला जीव अतिशय दुःखित झाला आहे हें त्यानें त्यांच्यापासून लपविलें नाहीं, आणि त्यांनीं आपल्याबरोबर जागें राहावें एवढेंच मागणें केलें. मग तो थोडासा पुढें गेला व भूमीवर पडून प्रार्थना करूं लागला. परत येऊन पाहतो, तों तिघेही झोंपी गेलेले! असें एकदां नव्हे, तीनदां झालें.

हे तिघे कांहीं दुष्ट अगर बेपर्वा लोक नव्हते. ते दुःखानें शिणून झोंपले, असें लूकानें नमूद केलें आहे. प्रभूनेंही त्यांस शब्द लाविला तो करुणेचा; मन तयार असलें तरी शरीर दुबळें असतें, हें त्यानें ओळखलें. पेत्रानें तर त्याच रात्रीं, इतर सर्वांनीं सोडलें तरी मी सोडणार नाहीं, अशी प्रतिज्ञा केली होती, आणि ती त्यानें मनापासून केली होती. त्याच्या प्रेमांत खोट नव्हती. खोट एवढीच, कीं त्यानें आपल्या प्रेमावरच सारी भिस्त ठेविली. आपण पडूं असें ज्यास वाटत नाहीं, त्यास कोणाचा हात धरण्याची गरज भासत नाहीं. त्या बागेंत जो सर्वांहून बलवान् होता, त्यास प्रार्थनेची गरज वाटली. आणि जे दुबळे होते, त्यांस ती वाटली नाहीं. ह्या एका गोष्टींत त्या रात्रीचें सारें रहस्य सांठविलेलें आहे.

इतक्यांत कंदील, मशाली व शस्त्रें घेऊन लोकांची टोळी आली. झोंपेंतून दचकून उठलेला मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करतो. हातास लागेल तें घेऊन मारूं लागतो, नाहीं तर पळत सुटतो. पेत्रानें थोड्या वेळांत दोन्ही केल्या. त्यानें तरवार उपसून प्रमुख याजकाचा दास मल्ख याचा कान कापला, आणि मग सर्वांबरोबर तोही पळाला. प्रभु मात्र शांत होता. तो आपण होऊन पुढें झाला, शिष्यांस जाऊं द्यावें म्हणून बोलला, आणि त्या दासाच्या कानास स्पर्श करून त्यानें तो बरा केला. ही शांति त्यास त्या क्षणीं कोठून आली? ती त्या क्षणीं आलेली नव्हती. खरी लढाई मशाली दिसूं लागल्यावर झाली नाहीं. ती त्यापूर्वींच गुडघ्यांवर झाली होती, व तेथेंच जिंकली गेली होती.

पेत्र पुढें दुरून दुरून मागें आला व प्रमुख याजकाच्या वाड्यांत शिरला. थंडी पडली होती. चाकर लोक कोळशांचा विस्तव करून शेकत होते, त्यांत तोही जाऊन बसला. येथें त्याच्यापुढें सैनिक नव्हता, तरवार नव्हती. एका दासीनें सहज प्रश्न केला, आणि ज्यानें मरणाची प्रतिज्ञा केली होती तो त्या प्रश्नानें कोसळला. तीनदां विचारणा झाली, तीनदां त्यानें आपल्या गुरूस नाकारिलें, आणि कोंबडा आरवला. दृष्टांतांतील तिसरा पहारा तो हाच. बागेंत तीनदां झोंप, वाड्यांत तीनदां नकार, हा कांहीं नुसता योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं. जी घटका जागण्याची होती ती त्यानें झोंपेंत घालविली, म्हणून जी घटका उभें राहण्याची होती तींत त्याचे पाय लटपटले.

विद्यार्थ्यांस हें तत्त्व कळण्यास कठीण पडूं नये. परीक्षेच्या दालनांत प्रश्नपत्रिका हातीं पडल्यावर अभ्यास करतां येत नाहीं. तेथें जें काय दाखवावयाचें तें पूर्वीं केलेल्या अभ्यासाचेंच फळ असतें. मोहाचेंही तसेंच आहे. तो येण्यापूर्वीं चिठ्ठी पाठवीत नाहीं. शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर नजर जाते ती एका क्षणांत. तोंडून खोटें निघतें तें एका क्षणांत. हात उगारला जातो तोही एका क्षणांत. त्या क्षणीं मनुष्य नवा होत नाहीं. सकाळीं व काल रात्रीं तो जसा झालेला असेल, तसाच तो दिसतो. म्हणून प्रार्थनेची वेळ मोहाच्या वेळेच्या आधींची आहे.

आतां ही झोंप कशी येते तें पाहूं. शाळेंत व वसतिगृहांत प्रार्थनेची घंटा वाजते व सर्वजण जमतात. पुढें विद्यार्थी शाळा सोडून मोठ्या शहरांत शिक्षणास किंवा नोकरीस जातो. तेथें घंटा वाजत नाहीं. पहिला आठवडा तो आठवणीनें प्रार्थना करतो. मग एके रात्रीं तो फार थकलेला असतो, म्हणून ती राहते. दुसऱ्या दिवशीं कांहींच वाईट घडत नाहीं, आणि हाच मोठा धोका होय; कारण प्रार्थनेवांचूनही दिवस चांगला जातो असें त्यास वाटूं लागतें. पुढें ज्या बोलण्याचा पूर्वीं संकोच वाटे, त्यास हंसूं येऊं लागतें. घरीं लिहितांना कांहीं गोष्टी गाळाव्या लागतात. उसने घेतलेले पैसे परत करणें जड वाटूं लागतें. आणि मग एके दिवशीं, वाड्यांतील त्या दासीप्रमाणें, कोणी तरी सहज प्रश्न विचारतो, आणि तो आपल्या आईबापांस, आपल्या शिक्षणास व आपल्या प्रभूस एका वाक्यांत नाकारून मोकळा होतो. लोक म्हणतात, मुलगा एका दिवसांत बिघडला. एका दिवसांत कोणी बिघडत नाहीं. एका दिवसांत तो उघडकीस मात्र येतो.

दुसरी एक झोंप आहे, ती डोळे मिटून हात जोडले असतांही येते. ओंठ पाठ केलेले शब्द उच्चारीत असतात, आणि मन भलतीकडे फिरत असतें. ही झोंप केवळ मुलांसच येते असें कोणीं समजूं नये. प्रार्थनेस उभे असतां आम्हीं शिक्षकांनींही पुढच्या तासाचा विचार केला आहे, हें येथें कबूल केलेलें बरें. गेथशेमानेंतील झोंपलेल्यांस हंसण्याचा अधिकार आमच्यापैकीं कोणास आहे?

मग प्रार्थना मनुष्यास जागें ठेवते ती कशी? पहिली गोष्ट ही, कीं प्रार्थनेंत मनुष्य उजेडांत येतो. अंधारांत बसलेल्यास आपल्या हातावरचा मळ दिसत नाहीं. दिव्यापाशीं आला कीं तो दिसतो. 'मी पापी आहें' असें मोघम बोलणें सोपें आहे. परंतु 'आज दुपारीं मीं धाकट्या भावावर अन्यायानें राग काढिला' असें देवापुढें नांव घेऊन बोलणें कठीण आहे, आणि जो तसें बोलतो त्यास दुसऱ्या दिवशीं तोच राग येतांना लांबूनच ओळखूं येतो.

दुसरी गोष्ट, प्रार्थनेनें पुढच्या दिवसाची पाहणी होते. शहाणा राखणदार अंधार पडण्यापूर्वीं शेताभोंवतीं एक फेरी घालतो, आणि कुंपण कोठें मोडलें आहे तें पाहून ठेवितो. रात्रीं तो त्याच बाजूस कान देऊन बसतो. सकाळच्या प्रार्थनेंत आपणही अशी फेरी घालावी. आज कोणता तास अवघड आहे, कोणाशीं बोलतांना आपला तोल जातो, कोणत्या सोबत्यापुढें खरें बोलण्याची लाज वाटते, हें सर्व एक एक करून देवापुढें मांडावें.

तिसरी गोष्ट नहेम्याच्या चरित्रावरून शिकावी. यरुशलेमाचा कोट बांधण्याचें काम त्यानें हातीं घेतलें, तेव्हां शत्रूंनीं तें मोडून टाकण्याचा कट केला. हें कळतांच त्यानें व त्याच्या लोकांनीं देवाची प्रार्थना केली, आणि त्याच वेळीं रात्रंदिवस पहाराही बसविला. ओझीं वाहणारे एका हातानें काम करीत, व दुसऱ्या हातांत शस्त्र धरीत. अशा रीतीनें तो कोट ५२ दिवसांत पुरा झाला. प्रार्थना केली म्हणून त्यानें पहारा सोडिला नाहीं, आणि पहारा बसविला म्हणून प्रार्थना सोडिली नाहीं. परीक्षेंत लबाडी करण्याचा मोह होऊं नये म्हणून जो प्रार्थना करतो, त्यानें त्या प्रार्थनेनंतर पुस्तक उघडिलें पाहिजे. रागावर जय मिळावा म्हणून जो प्रार्थना करतो, त्यानें भांडणाच्या जागेवरून पाऊल मागें घेतलें पाहिजे. ज्या प्रार्थनेमागून पाऊल पडत नाहीं, ती अजून अर्धवट झोंपेंतच आहे असें समजावें.

एकट्यानें जागणें फार कठीण असतें, हेंही शेतांतच शिकावें. एका माळ्यावरून राखणदार आरोळी देतो, व दूरच्या माळ्यावरून दुसरा तिला उत्तर देतो. त्या आरोळीनें रानडुकरें तर दूर राहतातच. परंतु दोघेही राखणदार जागे राहतात. प्रभूनेंही आपल्या सर्वांत कठीण घटकेस तिघांची सोबत मागितली, हें विसरतां येत नाहीं. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांत अशी सामुदायिक जागल अनेकदां झालेली आहे. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत हेर्नहूट नांवाचें एक लहान गांव आहे. धर्मासाठीं छळ सोसून मोराव्हियांतून पळून आलेले लोक १७२२ पासून काउंट झिन्झेन्डॉर्फ याच्या जमिनीवर येऊन राहिले होते. प्रथम त्यांच्यांत पुष्कळ तंटे झाले. १७२७ च्या ऑगस्टांत त्यांचा समेट झाला, आणि २७ ऑगस्ट रोजीं २४ पुरुष व २४ स्त्रिया यांनीं असा नेम केला, कीं रात्रंदिवस प्रत्येक तासास कोणी ना कोणी प्रार्थना करीत असावें. हा क्रम शंभरांहून अधिक वर्षें चालला. नेम सुरू झाल्यापासून पांच वर्षांत, म्हणजे १७३२ सालीं, ह्या लहानशा गांवांतून दोघेजण वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस बेटांतल्या गुलामांस शुभवर्तमान सांगण्यास निघाले. जे जागे असतात त्यांसच दूरची हांक ऐकूं येते.

इंग्लंडांत ब्रिस्टल शहराजवळ किंग्जवुड येथें कोळशाच्या खाणी होत्या. तेथील मजूर शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यांत घालवीत. जॉन वेस्लीच्या उपदेशानें त्यांपैकीं अनेकांचें जीवन पालटलें, तेव्हां त्यांनीं रात्रीं जागण्याची संवय मोडिली नाहीं. ती जागा मात्र बदलली, आणि ते प्रार्थनेंत व गायनांत रात्र घालवूं लागले. वेस्लीस ही रीति आवडली. १७४२ सालीं लंडनांतही अशी सभा भरूं लागली. तिच्यासाठीं पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार निवडीत, कारण दूरच्या लोकांस मध्यरात्रीं घरीं परततांना चांदण्याचा उजेड मिळावा. वर्षाच्या शेवटच्या रात्रीं आपल्याकडील देवळांतून जी जागरणाची उपासना होते, तिचा उगम पाहूं गेल्यास तो ह्या खाणींतील मजुरांपर्यंत पोंचतो.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण पुणें जिल्ह्यांतील केडगांवचें आहे. तेथील मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं १९०५ च्या जानेवारींत मुलींस बोलावून, आपल्याबरोबर रोज प्रार्थना करण्यास कोण येईल असें विचारिलें. सुमारें ७० जणी पुढें आल्या. त्याच वर्षाच्या जूनपर्यंत ही संख्या पांचशेंवर गेली. ह्या कांहीं सुखांत वाढलेल्या मुली नव्हत्या. त्यांच्यांत दुष्काळानें अनाथ झालेल्या होत्या, बालविधवा होत्या. ज्यांस जगानें टाकून दिलें होतें, त्या इतरांसाठीं प्रार्थना करूं लागल्या. दुसऱ्याच्या शेताकडेही लक्ष ठेवणारा राखणदार आपल्या माळ्यावर सहसा झोंपत नाहीं.

आमच्या पालकवर्गास येथें एक विनंति करावीशी वाटते. शाळा पांच-सहा वर्षें मुलांस घंटा वाजवून जागें करील. परंतु त्यानंतर ज्या आवाजानें तीं जागीं राहतील, तो बहुधा घरांतलाच असेल. संध्याकाळीं दिवेलागणीस किंवा रात्रीं जेवणापूर्वीं दहा मिनिटें घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें. लांबलचक प्रार्थनेची गरज नाहीं. वडिलांनीं आपली स्वतःची चूक देवापुढें कबूल केलेली मुलानें एकदां ऐकली, तर तिचा ठसा कित्येक उपदेशांहून खोल उमटतो. आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात. जागराचें महत्त्व आपल्या देशांत कोणासही नवें नाहीं. ज्याच्या त्याच्या घरीं झोंपण्यापूर्वीं दिवसाचा हिशेब प्रामाणिकपणें घेतला जावा, एवढी इच्छा सर्वांसाठीं आम्ही बाळगतों.

विद्यार्थिमित्रहो, ह्या लेखांत पेत्राचें पतन पाहून तुम्ही निराश होऊं नका, कारण त्याची गोष्ट कोंबड्याच्या आरवण्यापाशीं संपत नाहीं. तो बाहेर जाऊन फार रडला. ते अश्रु म्हणजेच त्याचें जागें होणें होतें. उठलेल्या प्रभूनें समुद्रकांठीं कोळशांच्या विस्तवापाशींच त्यास पुन्हां गांठलें, तीनदां प्रश्न विचारून तीनदां उत्तर देण्याची संधि दिली, आणि आपलीं मेंढरें त्याच्या स्वाधीन केलीं. पवित्र शास्त्रांत पेत्राच्या नांवाचें पहिलें पत्र आहे. त्याच्या अखेरच्या अध्यायांत मंडळीस सावध व जागें राहण्याचा आग्रह केलेला आहे. कारण शत्रु सिंहाप्रमाणें भक्ष्य शोधीत फिरत आहे. तो अध्याय वाचतांना आम्हांस नेहमीं त्या बागेची आठवण होते. ज्यास जागें राहतां आलें नाहीं, त्याचेंच नांव घेऊन जगास जागें राहण्यास सांगितलें जात आहे! ज्या राखणदाराचें पीक एकदां गेलें, तो पुढें कधीं पाठ टेंकीत नाहीं.

आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं पांच मिनिटें शांत बसा, आपल्या शेताभोंवतीं एक फेरी घाला, मोडलेलें कुंपण देवास दाखवा. पिकाचा धनी तोच आहे, आणि तो झोंपत नाहीं. त्याच्याबरोबर जागें राहणें, एवढेंच आपलें काम आहे.